चिमट्यातून सुटलेले पान

मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारता ना, तसला. लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला तपकिरी पुठ्ठा आणि वर एक लोखंडी चिमटा, बस्स. माझा उजवा कोपरा फुगून उलला आहे, चिमट्यावरची चकाकी कधीच उडाली आहे आणि पाठीवर चहाच्या कपाचे गोल डाग कायमचे बसले आहेत. पण मित्रांनो, मी रडगाणे गायला बसलेलो नाही. जुन्या वस्तूने तोंड उघडले की 'मला टाकू नका हो' म्हणून विनवायचे, अशी आमच्यात रीत आहे. ती माझ्याच्याने पाळली जाणार नाही. माझा चिमटा आजही असा बसतो, की बेसावध बोट सापडले तर नख काळेनिळे होईल. खोटे वाटत असेल तर या आणि बोट घालून बघा.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. भुसा भिजवला, शिजवला आणि तापलेल्या दोन पत्र्यांमध्ये घालून असा दाबला, की त्यातले पाणी चर्र करत निघून गेले. मग आम्हा भावंडांना करवतीने कापून सारखे केले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक चिमटा ठोकला. तिथून मी एका दुकानात आलो आणि खिळ्याला लटकत राहिलो. एके दिवशी दोन वेण्या घातलेली एक मुलगी आपल्या बाबांबरोबर आली. बाबांनी एकेक पॅड काउंटरवर वाजवून पाहिला. माझा आवाज त्यांना ठणठणीत वाटला असावा. मुलीने मात्र माझा चिमटा दहा-बारा वेळा उघडला, मिटला, उघडला, मिटला. दुकानदार वैतागला आणि त्याने मला घाईघाईने कागदात गुंडाळून दिले.

परीक्षा झाल्या. परीक्षेपुरता आणलेला पॅड सुट्टीत माळ्यावर जातो, पण मी गेलो नाही. घराच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर ती मला गुडघ्यावर घेऊन बसे आणि वह्यांची उरलेली कोरी पाने चिमट्यात लावून लिहीत सुटे. अभ्यास नाही, निबंध नाही, पत्र नाही. असेच, काहीबाही. लिहिता लिहिता तिला हसू येई आणि मग तिचा गुडघा हले, गुडघ्याबरोबर मी हले आणि अक्षर वेडेवाकडे होई. तिला त्याचे काही नसे. इतके आनंदी माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते. अर्थात त्याआधी मी फक्त दुकानदाराला पाहिले होते.

एके दिवशी त्यातले एक पान बाबांच्या हाती लागले. बाबांनी वाईट काहीच केले नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. ते रागावले नाहीत. उलट पान वाचून त्यांचे डोळे भरून आले. आणि तिथेच घोटाळा झाला. पाहुणे आले की चहाच्या आधी हाक येऊ लागली, "अगं, ते तुझं वाचून दाखव जरा!" ती भिंतीला टेकून वाचायची. कुणी म्हणे, छान आहे, पण शेवटी काहीतरी बोध हवा. मग ती पुढच्या पानाला बोध जोडायची. काकू म्हणाली, "आमच्यावर पण लिही की. पण चांगलंच लिही हं!" मग ती काकूवर चांगलेच लिहायची. आता लिहिताना तिला हसू येईनासे झाले. ती वाक्य लिहायची, थांबायची, दाराकडे बघायची. एका सुट्टीत बाबा कोरे कागद घेऊन आले, तर ती म्हणाली, "बाबा, माझं डोकं दुखतंय." त्यानंतर तिचे डोके बरीच वर्षे दुखत राहिले.

पुढे ती एका छापखान्यात कामाला लागली. पुस्तक छापण्याआधी त्याची कच्ची पाने काढतात, त्यांना प्रूफे म्हणतात. ती वाचून चुका धरायच्या, हे तिचे काम. मला ती बरोबर घेऊन गेली, कारण छापखान्यातली टेबले डुगडुगत. तिची नजर म्हणजे काय सांगू! टिंब राहिलेले तिला पान हातात घेण्याआधी दिसे. छापखान्याने तिचे नाव ठेवले अनुस्वारबाई. मोठमोठे लेखक तिला वचकून असत. सगळे तिला अहोजाहो करीत. मी मात्र तिला दोन वेण्यांपासून ओळखतो, त्यामुळे मनातल्या मनात अगंतुगंच करतो.

आमच्या छापखान्यात एक कडक नियम होता. फार पूर्वी अक्षरे जुळवणाऱ्या एका शहाण्याने स्वतःची अक्कल चालवली आणि एका डॉक्टरांच्या पुस्तकात पोटाचे औषध डोळ्यांच्या प्रकरणात जाऊन बसले. तेव्हापासून मालकांनी ठरवून टाकले, बाईंच्या पॅडवरून आलेल्या ज्या पानावर बाईंची सही असेल ते पान अंतिम. त्यावर शंका काढायची नाही, कुणाला विचारायचे नाही, जसेच्या तसे जुळवायचे. त्यामुळे बाई पान संपले की खाली उजव्या कोपऱ्यात 'तपासले' लिहायची आणि झटक्यात सही करायची. तीस वर्षे. दिवसाला शंभर शंभर वेळा. शेवटी शेवटी ती सही हात आपल्याआपणच करी, डोक्याला कळवतही नसे.

त्या तीस वर्षांत बाईची एकही चूक सापडली नाही. हे वाक्य मालक प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवीत. ते ऐकताना बाई मान खाली घालून प्रूफे चाळत राही, पण तिची बोटे माझ्या कडेवर घट्ट आवळली जात. हा तिचा अभिमान होता. खरे सांगायचे तर तेवढाच होता.

निवृत्तीला सहा महिने उरले असताना एका दुपारी छपाईचे मोठे यंत्र अडून बसले. मेकॅनिक त्याच्या पोटात शिरला, बाकीचे चहाला गेले. बाईपुढे तपासायला काही नव्हते. माझ्या चिमट्यात एक कोरा कागद होता. तिने पेन चालते का ते बघायला एक रेघ मारली. मग एक शब्द लिहिला. मग एक वाक्य. वाक्य पुरे होते न होते तोच तिने त्यातला एक शब्द खोडला आणि समासात खूण केली. दुसरे वाक्य लिहिले, तेही अर्धे खोडले. तिसऱ्याला तर लिहायच्या आधीच पेन खोडायला उठले. बाई थांबली. स्वतःच्या उजव्या हाताकडे तिने असे काही पाहिले, की मला त्या हाताची धडगत दिसेना.

"तुला कोणी विचारलंय गं, टवळे?" ती आपल्यातल्या अनुस्वारबाईला मोठ्याने म्हणाली. यंत्राच्या पोटातून मेकॅनिकने "काय म्हणालात?" असे विचारले. "तुम्हाला नाही," बाई म्हणाली.

तिने तो कागद चुरगळला, नवा लावला आणि मुद्दाम एक चुकीचे वाक्य लिहिले. चांगले ढळढळीत चुकीचे, मित्रांनो, कर्त्याचा क्रियापदाशी संबंध नाही असे. आणि ते तसेच ठेवले! मग पुढचे लिहिले, त्यापुढचे लिहिले. पेन माझ्यावर इतके दाबले जात होते, की एकेक अक्षर मला पुठ्ठ्यात कळत होते. पाऊण पानावर ती एकटीच फिस्सकन हसली. तो कागद तिने घडी घालून पर्समध्ये टाकला आणि घरी जाऊन चादरींच्या खाली ठेवला. कुणाला दाखवला नाही. पुन्हा वाचलासुद्धा नाही.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीतली शेवटची वीस मिनिटे आमची झाली. बाकीची माणसे डबे धूत, वामकुक्षी घेत, एकमेकांच्या कागाळ्या करीत. आम्ही प्लायवूडच्या आडोशामागे लिहीत असू. बाईच्या चालण्यात फरक पडला. ती जिना चढताना गुणगुणू लागली. एका लेखकाने प्रूफांवरून आवाज चढवला, तर तिने "बरं, राहू द्या तुमची चूक, तुमचंच पुस्तक आहे" असे म्हणून त्याला गार केले.

आणि मग ते झाले. चूक फक्त तिच्याच हातून होऊ शकली असती, कारण फक्त तिच्याच हाताला ती सवय होती.

त्या वेळी आमच्याकडे एका बड्या कारखानदारांचे आत्मचरित्र चालू होते. चारशे पाने. त्यात रोज भर पडे. 'हे अमुक ठिकाणी घाला' म्हणून साहेब स्वतःच्या हाताने लिहिलेले कागद पाठवीत. त्यांचे अक्षर असे, की मुंगीला शाईत बुडवून सोडले असते तर बरे उमटले असते. म्हणून बाई ती भर आपल्या अक्षरात स्वच्छ उतरवून देई. अशी दहाबारा पाने त्या दिवशी माझ्या चिमट्यात होती आणि सर्वांत वर बाईचे स्वतःचे पान होते. ते संपायला आणि सुट्टी संपल्याची घंटा व्हायला एकच गाठ पडली. आतून हाक आली, "बाई, पानं!" आणि बाईच्या हाताने त्या पानाच्या कोपऱ्यात 'तपासले' लिहून झटक्यात सही केली आणि मला पुढे केले.

पुढे उभा होता हूंभाऊ. हा अक्षरे जुळवणारा आमचा ऑपरेटर. त्याला काहीही विचारा, उत्तर 'हूं'. त्याने चिमटा उघडला, पाने काढली, सही बघितली, म्हणाला "हूं" आणि जाऊन जुळवायला बसला. मी काय करणार? मला तोंड नाही, नुसता चिमटा आहे, आणि तोही त्याने उघडला होता.

संध्याकाळी बाईने पर्स तीनदा उलटी केली. टेबलाखाली पाहिले. दुसऱ्या दिवशी यायच्या वाटेवर ती खाली बघत बघत आली, गटाराच्या कडेला पडलेले कागदसुद्धा तिने चपलेने उलटून पाहिले. पान कुठेतरी उडून गेले, अशी तिने मनाची समजूत घातली. शेवटचे प्रूफ आमच्याकडे थेट लेखकाच्या घरी जाई, त्यामुळे ते तिच्या नजरेखालून गेलेच नाही.

आठवड्याने कारखानदार स्वतः छापखान्यात हजर झाले. इतके दिवस त्यांचा ड्रायव्हर यायचा. मालकांची धावपळ उडाली, एका खुर्चीवरचे कागदाचे गठ्ठे दुसऱ्या खुर्चीवर गेले. साहेब बसले आणि त्यांनी प्रूफातले एक पान काढले.

"मालक, हे पान ऐका. मी लिहून विसरूनसुद्धा गेलो होतो! काल बायकोला वाचून दाखवलं, ती हसता हसता रडायला लागली." आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचले, "'आमची आत्या केर काढताना कोपऱ्यांना रागवायची. म्हणायची, काल तर चांगलं झाडलं होतं तुला, परत तोंड काळं करून आलास? बाकीच्या तिघांकडे बघ जरा. ती गेल्यावर आम्ही घर विकलं, तेव्हा चारही कोपरे स्वच्छ होते आणि मला फार वाईट वाटलं.'"

एवढ्या ओळी त्यांनी चारचौघांत वाचल्या, म्हणून मी तुम्हाला सांगितल्या. त्या पानावरचे पुढचे मी सांगणार नाही.

प्लायवूडच्या आड बाई ताठ झाली. तिचे कान लालबुंद झाले होते.

"हे पान पुस्तकात सर्वांत पुढे घ्या," साहेब म्हणाले. "आणि मुखपृष्ठावर माझ्या अक्षरातच छापू या. मी लिहिलेला मूळ कागद काढा बघू."

मालकांनी हूंभाऊला हाक मारली. हूंभाऊने गठ्ठा आणला. सगळ्या पानांचे मूळ कागद निघाले, या एकाचा निघेना. निघाला तो फक्त बाईच्या अक्षरातला, कोपऱ्यात सही असलेला. मालक तीस वर्षे छापखाना चालवत होते, त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला नाही. "आलोच हं" म्हणत ते आडोशामागे आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, हे तुमचं?"

बाईने मान हलवली.

"मग आता एक करा. गप्प बसा. मूळ कागद उंदरांनी खाल्ला म्हणून सांगतो. त्यांना आनंद, पुस्तकाला शोभा, आणि तुमची चूक जन्मात कुणाला कळणार नाही. थोड्याच महिन्यांनी तुमचा निरोप समारंभ आहे. तीस वर्षांत एकही चूक नाही, हे वाक्य मी भाषणात लिहून ठेवलंय, बाई. ते खोडायला लावू नका."

मित्रांनो, तेव्हा बाईची बोटे माझ्या कडेवर होती. एका बाजूला तीस वर्षे जपलेले नाव आणि दुसऱ्या बाजूला एक पान. त्या पानाची तिच्याजवळ दुसरी प्रतही नव्हती. ती उठली. मला तिने छातीशी धरले आणि बाहेर जाऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, ते पान माझं आहे."

साहेब हसले. "अहो, माझ्या आत्यावर तुम्ही कसं लिहाल?"

"ती माझी आत्या आहे."

"काहीतरीच काय! मला आठवतंय ना! मला आत्या दोन. त्यातली धाकटी..." साहेब थांबले. त्यांनी छताकडे पाहिले. "म्हणजे, ती काही केर काढायची नाही म्हणा. नोकर होते." त्यांचा चेहरा पडला आणि क्षणभर मला त्यांची दया आली. पण माणूस खमका होता, लगेच सावरला. "बरं, तुमचं असेल. राहू द्या की मग. खाली बारीक अक्षरात तुमचं नाव घालतो."

"नको."

"मग अजून वीस पानं अशीच लिहून द्या. माझं बालपण जरा कोरडं झालंय, सगळेच म्हणतात."

"नाही जमणार."

"मग तुम्हाला स्वतःचं पुस्तक काढायचंय का? तसं सांगा ना, मी मालकांशी बोलतो."

"नाही, साहेब. पुस्तक नाही काढायचं."

"मग लिहिलंत कशाला?"

"मजा येते म्हणून."

"अहो, पण कुणी वाचणारच नसेल तर लिहायचं कशाला माणसानं?" साहेबांना खरोखरच कळत नव्हते.

बाईने विचारले, "तुम्ही आंघोळ करताना गाता का?"

"गातो की."

"तिकीट लावता?"

कुणीतरी खुसकन हसले. तो हूंभाऊ होता. मालकांनी डोळे वटारले आणि शेवटचा डाव टाकला. "बाई, हे पान काढायचं म्हणजे चूक तुमच्या नावावर लागेल. विचार करा."

"लावा," बाई म्हणाली. "चूक माझीच आहे. मी झोपेत सही केल्यासारखी सही केली. पान मात्र परत द्या."

तेवढ्यात हूंभाऊ चक्क बोलला. "मला तेव्हाच वाटलं होतं. साहेबांच्या चारशे पानांत कोपऱ्याला कुणी रागावलेलं नाही. पण सही होती, म्हणून जुळवलं." एवढे बोलून त्याने गठ्ठ्यातला तो कागद ओढून काढला, बाईच्या हातात दिला आणि आपल्या जागेवर जाऊन पुस्तकातले ते पान काढून टाकले. साहेब पाय आपटत गेले. पुढे त्यांचे पुस्तक निघाले, जाड कागदावर, चकचकीत. बालपण कोरडेच राहिले.

शिक्षा व्हायची ती झाली. मालकांनी नियम बदलला. बाईने तपासलेली पाने आणखी एकाने तपासायची, असे ठरले. काल लागलेली एक मुलगी तिच्या पानांवरून बोट फिरवू लागली, तेव्हा बाईला लागले. मला माहीत आहे, किती लागले ते. निरोप समारंभात मालक अडखळत म्हणाले, "तीस वर्षांत जवळजवळ एकही चूक नाही." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने बाई हसली. आणि मग तिला शाल, श्रीफळ काही नको होते. तिने मला काखेत मारले आणि ती चालू लागली.

आता आम्ही घरी असतो. सकाळी खिडकीशी ऊन येते तेव्हा आमचे लिहिणे सुरू होते. नियम कोणताच नाही. ती चुका करते, शब्द विसरते, एखादे वाक्य अर्धेच सोडून भाजी चिरायला जाते. कोपऱ्यात सही मात्र कधीच करत नाही.

मित्रांनो, आमच्या रीतीप्रमाणे शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागायला हवे. मला पुसू नका, नवा चिमटा बसवू नका, माझी काळजीही करू नका. कुणी लिहीत बसले असेल तर मागून डोकावू नका, एवढेच करा. आणि स्वतः एक पान असे लिहा, जे बाईंना, सरांना, आईबाबांना, फोनमधल्या सतराशे साठ मित्रांना, कुणाकुणाला दाखवायचे नाही. त्याला गुण मिळणार नाहीत. शाबासकी मिळणार नाही. कुणी "बघू, बघू" करत आले, तर पॅड छातीशी उलटा धरा आणि सरळ नाही म्हणा. जड जाईल. बाईलाही गेले होते.

आत्ता, या घडीला, ती लिहिते आहे. अर्धे पान भरले आहे. तिच्या पेनाचा दाब माझ्यावर पडतो आहे आणि मला अक्षर न् अक्षर कळते आहे. आज फार सुंदर जमले आहे.

काय लिहिले आहे, ते मी सांगणार नाही.